मुहूर्ताची गाडी

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे आधी रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. ट्रॉल्या भरभरून जिनिंगकडे जातात, वाकलेल्या फांद्या त्यांच्यातून मूठ-मूठ कापूस ओढून घेतात आणि मग दोन-तीन महिने ती झाडं काट्याकाट्यांत पुंजके धरून उभी असतात. लोकांना ते फार छान वाटतं. गेल्या आठवड्यात कोणी पाहुणा गाडी थांबवून त्यांचे फोटो काढत होता. मला मात्र ती झाडं पाहिली की खोकला येतो. खरं तर झाडं दिसायच्या आधीच येतो. हंगाम आल्याचं डोळ्यांआधी माझ्या घशाला कळतं.

बावीस वर्षं झाली, हिंगणघाटच्या बाहेर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी ग्रेडर आहे. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांना सांगतो. शेतकऱ्याची गाडी आली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा. वरचा कापूस पाहायचा नाही, वर सगळेच चांगला ठेवतात. खालचा काढायचा, मधला काढायचा, चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते बघायचं. सरकी दाताखाली धरायची. कट्‌ वाजली तर माल कोरडा, नुसती दबली तर ओला. मग चार लोकांत मोठ्यानं प्रत सांगायची. तेवढा वेळ गाडीवाला माझ्या तोंडाकडे टक लावून असतो. त्याच्या घरच्या बायांनी कमरेला ओटी बांधून, वाकून वाकून वेचलेलं सगळं माझ्या एका शब्दावर अडलेलं असतं. हे काम मी मनापासून केलं. माझ्या प्रतीवरून भांडायला फारसं कोणी आलं नाही, हे मी आजही छाती काढून सांगतो.

एका गाडीला मात्र आम्ही हात लावत नाही. मुहूर्ताच्या. हंगामातली पहिली गाडी फाटकातून आत आली की वजनकाट्याला हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो, गाडीवाल्याला टोपी-दुपट्टा देतात, बैल असले तर त्यांच्या कपाळालाही कुंकू. त्या गाडीत हात घालायचा नसतो. वरून जो दिसेल तोच कापूस आणि तीच त्याची प्रत. खाली कवडी म्हणजे किडका, डागी कापूस असो, ओला असो, मागच्या वर्षीचा असो, विचारायचं नाही. शकुनाचा माल तपासू नये, असं मला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ग्रेडरनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं. वर्षातून एकदा एवढा भोळेपणा जिनिंगला परवडतो. माणसाला परवडत नाही, हे शिकायला मला बावीस वर्षं लागली.

दोन हंगामांमागे खोकला हटेना तेव्हा बायको, शोभा, मला ओढतच सेवाग्रामला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, फुंकायला लावलं, कागद पाहिले आणि काम कोणतं करता म्हणून विचारलं. मी सांगितलं. "मग काम बदला," त्या म्हणाल्या. चप्पल बदला म्हणावं तसं म्हणाल्या. त्यांची काही चूक नाही, त्यांना फुप्फुस दिसत होतं. मला मात्र त्या बाकावर बसल्या बसल्या पुढचं काही दिसेना. सेहेचाळीस वर्षांच्या, बारावी शिकलेल्या, कापसाशिवाय दुसऱ्या कशातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसानं काम बदलायचं म्हणजे काय करायचं? कोणाच्या दारात जाऊन काय सांगायचं, की मला हात घालून माल ओळखता येतो?

परतीच्या बसमध्ये शोभानं तिकिटं बटव्यात ठेवली. मग म्हणाली, "अवो, असे तोंड पाडून काऊन बसले? कोणाले तरी विचारा न. शिकल्या-सवरल्या, चार ठिकाणं पाहिलेल्या मानसाले."

तिच्या बोलण्यावरून दिलीपभाऊची आठवण झाली.

दिलीप आमच्याच जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होता. एकाच डब्यातली भाकर खाल्लेले आम्ही. दहा-बारा वर्षांमागे तो नोकरी सोडून नागपूरला गेला, काय काय कोर्स केले आणि वर्ध्याला स्टेशनकडच्या रस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर त्यानं मार्गदर्शन केंद्र काढलं. 'नोकरी, व्यवसाय, करिअर बदल' अशी पाटी. आमच्यातून धुळीबाहेर पडलेला तो पहिला माणूस. जिनिंगमध्ये त्याचं नाव निघालं की आम्ही सगळे आवाज जरा खाली आणून बोलायचो. त्याच्याबद्दल मत्सर नव्हता, अभिमान होता. आपल्यातला एक जण तरी खुर्चीवर बसला, असं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर मी गेलो. माडीवर पंखा, काचेचं टेबल, कुंडीत एक हिरवं झाड. मला पाहून तो उठून उभा राहिला, अगदी मिठी मारली. "अबे प्रभाकर! तू इथं? बस, बस. पैशाचं नाव काढू नको, तुह्यापासून काय घेऊ मी?" मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईचं, खोकल्याचं, भीतीचंही. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. इतकं शांतपणे माझं कोणी त्याआधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "तुले काई येत नाई असं काऊन म्हणतं? तुह्याजवळ जे हाये ते या जिल्ह्यात दहा जणांपाशी नसन. पोट्ट्यांना शिकवणारा पाह्यजे आता. ग्रेडिंगचा मास्तर. वर्गात बसून शिकवायचं, धूळ नाई, काई नाई. अशी जागा मी तुह्यासाठी तयार करतो. फक्त एक कर. तुले जे जे येते ते एका वहीत लिहून काढ. सगळं. काई सोडू नको. वहीतूनच तुही वाट निघन."

तिथं मी हात घालायला हवा होता. खालचा काढून पाहायला हवा होता. ही जागा कुठं आहे, कोण देणार, वहीचं तू काय करशील? बावीस वर्षं परक्यांना विचारत आलो ते एक साधं विचारणं. पण मी त्याला मुहूर्ताची गाडी केलं. वरून दिसला तेवढाच पाहिला, आणि वरून तो फार चांगला दिसत होता.

तो हिवाळा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आणि गंमत अशी, की तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा होता. हे कबूल करायला राग येतो, पण होता. सकाळी उन्हं ओट्यावर आली की मी चादर लपेटून वही घेऊन बसायचो. कामावर जायला दोन तास असायचे. पहिले आठ दिवस एक ओळ सुचली नाही. हाताला जे कळतं ते पेनाला कसं सांगायचं? कापूस ओळखायचा म्हणजे मी नेमकं काय करतो, हे मीच स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मग हळूहळू सुटत गेलं. पावसात भिजून वाळलेल्या कापसाला पिवळट झाक असते, पण खरी ओळख वासाची, तो किंचित आंबूस येतो. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या झाडांचा कापूस मुठीत दाबून सोडला तर फुलून वर येत नाही, बसून राहतो. नदीकाठच्या काळ्या जमिनीतला माल ओढताना चिमटीत एक बारीक ताण लागतो, बरडावरच्या मालाला तो लागत नाही. ओल्या कापसात हात घातला की आत ऊब लागते आणि ती ऊब वाईट असते. असं एकेक लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं, की आपण नुसते हमालाच्या वरचे आणि कारकुनाच्या खालचे नाही, आपल्याला काहीतरी येतं.

शोभा चहा आणून द्यायची आणि तिथंच टेकायची. तिचं सगळं लहानपण आईच्या मागं कापूस वेचण्यात गेलेलं. मी वाचून दाखवलं की ती चुका काढायची. "हे असं नाई होत. तुम्ही गाडीतला कापूस पाहिला, झाडावरचा कुठं पाहिला?" एकदा मी ओलाव्याबद्दल पानभर लिहिलं होतं. ते ऐकून ती म्हणाली, "एवढं कायले लिहिता? असं लिहा, की दवात वेचलेला कापूस घरी येईपर्यंत खोटं बोलते, उन्हात ठेवला की खरं बोलते." मी तस्संच लिहिलं. ती लाजली. "माह्यं बोलणं वहीत टाकलं काय, बाप्पा!" म्हणून कितीतरी वेळ हसत होती. आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं होत आली होती, आणि एका कामाला आम्ही दोघं असे शेजारी बसलो, ते त्या ओट्यावर पहिल्यांदाच.

संक्रांतीला दोनशे पानी वही पूर्ण झाली. दिलीपनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "आठवण म्हणून एक फोटो काढू," म्हणाला. मी वहीसह उभा राहिलो, अंगात नवा शर्ट, तोंडावर हसू. वहीची दुसरी प्रत काढून ठेवावी हे मनातही आलं नाही. कापसाची प्रत सांगायच्या आधी चार वेळा माल उलटून पाहणारा मी, वही देताना उलट त्याचेच उपकार मानत होतो.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. "पाहून राह्यलो," "बोलणं सुरू हाये," "थोडा दम धर न." मग फोन उचलणं कमी झालं. मग एकदा, "वय आडवं येऊन राह्यलं रे, अन् तुह्यापाशी सर्टिफिकेट नाई." मध्ये एक आख्खा हंगाम गेला. मी तोंडाला फडकं बांधून गाड्यांत हात घालत होतो आणि प्रत्येक गाडीगणिक स्वतःला सांगत होतो, की हा शेवटचा हंगाम. शोभानं विचारणं सोडून दिलं होतं. न विचारता ती फक्त गुळाचा खडा आणि हळदीचं दूध समोर ठेवायची.

यंदा दसऱ्यानंतर कामानिमित्त जामला गेलो होतो. नागपूरकडून येणारे, चंद्रपूरकडे, हैदराबादकडे जाणारे सगळे ट्रक तिथं थांबतात, त्यामुळे चौकात फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस, श्रद्धांजल्या, ट्रॅक्टरची जाहिरात. त्यांच्यात मी होतो. नवा शर्ट, हातात वही, तोंडावर हसू, माणसापेक्षा मोठा. खाली माझं नाव, गाव आणि मोठ्या अक्षरांत, 'सेहेचाळिसाव्या वर्षी सापडली नवी वाट! तुम्हीही या.' आणि बाजूला दिलीपचा फोटो, हाताची घडी घालून. टपरीवरच्या चहावाल्यानं एकदा फ्लेक्सकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हीच ना ते? नशीब काढलं बुवा!" माझ्या बाहीला तेव्हाही सकाळचा कापूस चिकटलेला होता.

मी तडक वर्धा गाठलं. माडीच्या पायऱ्या चढताना वर्ग चालू असल्याचं ऐकू आलं. दाराशी थबकलो. आत दिलीप एका छापील पुस्तिकेतून शिकवत होता. मुलं-मुली लिहून घेत होती. तो मोठ्यानं, आवाजाला चढ-उतार देत वाचत होता, "दवात वेचलेला कापूस घरी येईपर्यंत खोटं बोलतो. उन्हात ठेवला की खरं बोलतो." मुलं हसली. एक जण म्हणालं, "वा सर!" आणि सर हसले.

माझ्या बायकोचं बोलणं होतं ते. माझं जाऊ द्या, माझं त्यानं मागून नेलं होतं, पण तिनं ओट्यावर बसून, चहाच्या कपाशी बोललेलं ते एक वाक्य, ज्याच्यावर ती लाजली होती, ते हा माणूस स्वतःचं म्हणून विकत होता. ग्रेडिंगच्या मास्तरची जागा त्यानं खरंच तयार केली होती, आणि तीत तो स्वतः बसला होता. त्याला कापसातलं ढेकळं कळत नाही! सरकी चावायला दिली असती तर थुंकून टाकली असती.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण दिलीपच्या वागण्यापेक्षा मला तेच जास्त टोचतं. त्यानं मला दारात पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग हात पसरून म्हणाला, "अरे, या, या! पोट्टेहो, हेच ते फ्लेक्सवरचे प्रभाकरभाऊ. माह्या मार्गदर्शनातून घडलेले. वाजवा टाळ्या!" पंधरा-वीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी हात जोडले. हसलो. मी, जो भरल्या बाजारात मोठमोठ्या शेतकऱ्यांना तोंडावर सांगतो की तुमचा माल ओला आहे, तो मी टाळ्यांना नमस्कार करून मोकळा झालो.

बाहेर जिन्यात आल्यावर त्याला धरलं. "पुस्तकावर माह्यं नाव कुठं हाये?"

"तुह्या नावावर कोण कोर्स घेईन बे? कागद पाह्यजेत न. माह्यावर चालते. राग नको करू. तुही फुकट जाहिरात तं होऊन राह्यली."

"अन् मास्तरची जागा?"

"सध्या मीच पाहून राह्यलो. पुढच्या वर्षी बघू. येजो मधात मधात, अनुभव सांगाले." आणि खिशातून चॉकलेट काढून माझ्या हातावर ठेवलं. लहान लेकराला द्यावं तसं.

मला फसवलं. इतकं साधं वाक्य आहे. पण ते तोंडातून निघता निघेना. घरी शोभाला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. हातातली परात तशीच धरून ती ऐकत राहिली. "माह्यं बोलणं?" एवढंच म्हणाली. मग परात आपटली. "तुम्ही उद्याच्या उद्या जिनिंगमध्ये सगळ्याइले सांगा. तो कसा हाये ते लोकाइले समजू द्या. तुम्ही नाई सांगतलं तं मी सांगीन."

मी तिला थांबवलं. शपथ घातली. लोक हसतील म्हणालो. लोकांचा माल ओळखणाऱ्याला घरचा माणूस ओळखता आला नाही, म्हणतील. शिवाय फ्लेक्स पाहून जिनिंगमध्ये तोवर माझं कौतुक सुरू झालं होतं. "काय प्रभाकरभाऊ, मास्तर झाले म्हणे! मग इथं काऊन?" आणि मी म्हणत होतो, "हंगाम आटोपला की जाईन." असं एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो, मग ते मलाच खरं वाटायला लागलं. शोभा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

परवा दुपारी डबा उघडून बसलो होतो तर फाटकावर एक माणूस माझं नाव विचारत आला. पन्नाशीकडे झुकलेला, जाड भिंगांचा चष्मा, बोटांच्या पेरांवर तांब्याच्या तारांनी पडलेल्या चिरा. मी फ्लेक्सवरचाच असल्याची त्यानं आधी नीट खात्री करून घेतली. मग पायच धरायला वाकला. अल्लीपूरचा नामदेव. पंचवीस वर्षं विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी भरून देतो. आता नजर चालत नाही, बारीक तार दिसत नाही, काम सोडणं भाग आहे.

"तुम्ही इथं ट्रेनिंग द्यायले आले असान?" त्यानं विचारलं. माझ्या भुवयांवर, केसांत कापूस होता, पण त्याला ते दिसत नव्हतं. "तुमचाच फोटो पाहून गेलतो मी त्या सरांकडं. बायको म्हणे, जाहिरातीवर भरोसा ठेवू नका. मी म्हटलं, हा मानूस आपल्यातलाच दिसते, याचं तोंड खोटं नाई. सरांनी मले वही लिहायले लावली. पोरीले सांगून सांगून लिहून घेतली. कोणत्या मोटारले किती फेरे, कोणती तार, आवाजावरून बिघाड कसा समजते, सगळं. सोमवारी देऊन आलो. आता एवढंच विचारायचं होतं भाऊ, वही देल्यावर किती दिवसानं बोलावते?"

हो म्हणणं फार सोपं होतं. महिना-दोन महिने लागतात, म्हणालो असतो तर तो नमस्कार करून गेला असता. शेजारी बसलेले दोघं-तिघंही कान देऊन होते. हातातली भाकर मी परत डब्यात ठेवली.

"बोलावत नाई," मी म्हणालो. "मलेही नाई बोलावलं. मी मास्तर-बिस्तर काई नाई. मी ग्रेडर हाये, इथंच, आधी होतो तसाच. माह्या वहीचं त्यानं पुस्तक छापलं अन् आता तोच शिकवते." शेजारच्यांचे हात डब्यातच थांबले.

नामदेवनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग माझ्याकडे अगदी जवळून पाहिलं.

"तो फ्लेक्स तं दसऱ्यापासून लागून हाये," तो म्हणाला. "मंग तुम्ही इतके दिवस बोलले काऊन नाई?"

"लाज वाटत होती."

त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना.

"लाज तुमची होती भाऊ," तो म्हणाला. "वही तं माही गेली न."